दीड दिवसाचं गुपित

पेण किंवा रोह्यातल्या कुठल्याही आळीत जा. एखाद्या घराला कुलूप आहे, मंडळी पनवेलला लग्नाला गेली आहेत. किल्ली कुठे असेल? चौकटीच्या वरच्या पट्टीवर, तुळशीवृंदावनाच्या दिवा ठेवायच्या कोनाड्यात, ओटीवरच्या जुन्या बुटात (आणि तोही डाव्याच), विजेच्या मीटरच्या पेटीत, नाहीतर सोनटक्क्याच्या कुंडीखाली. सहावी जागा कोकणात अजून कोणाला सुचलेली नाही. गंमत म्हणजे किल्ली लपवणारा प्रत्येक जण आधी इकडेतिकडे बघून घेतो, जगातली पहिलीच युक्ती करत असल्यासारखा चेहरा करतो, आणि मग त्याच पाचांपैकी एका जागी हात घालतो. चोराला हे ठाऊक नसतं असं नाही. लपवणाऱ्याचं आणि शोधणाऱ्याचं बालपण सारख्याच ओटीवर गेलेलं असतं. तरीही एकूण कारभार बरा चालतो, कारण किल्लीची राखण कुंडी करतच नाही. ती समोरच्या घराच्या खिडकीतून होत असते. त्या खिडकीकडे आपल्याला पुढे यायचंच आहे.

याच आळीतली पुढची पिढी सकाळी रोह्याहून दिवा गाडीत बसते, निडी, नागोठणे, कासू, पेण, हमरापूर, जिते करत पनवेलला उतरते, आणि पुढे महापे-ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत बसून प्रोग्रॅम लिहिते. अंगवळणी पडलेली सवय गाडीत राहून जात नाही, ती माणसाबरोबर उतरते. प्रोग्रॅमला डेटाबेस उघडायचा तर पासवर्ड लागतो. तो ठेवायचा कुठे? तर प्रोग्रॅमच्याच चौथ्या ओळीत, चांगला अवतरणचिन्हांत: रोहा ॲट एक-दोन-तीन. हा पासवर्ड सगळे नियम पाळतो, हेही लक्षात घ्या. पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं, मध्ये एक चिन्ह, शेवटी आकडे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याचं नाव घ्यावं, पुढे ॲट लावावा, एक-दोन-तीन म्हणावं, कुठलं ना कुठलं खातं उघडायचंच. त्या ओळीच्या डोक्यावर लेखकाने स्वतःसाठी एक सूचनाही लिहून ठेवलेली असते: ‘हा पासवर्ड नंतर इथून काढणे.’ सूचनेची तारीख दोन वर्षांपूर्वीची असते, आणि लिहिणारा एव्हाना दुसऱ्या कंपनीत तीच सूचना लिहीत असतो.

या दुखण्यावर क्लाउड कंपन्यांनी काढलेलं औषध म्हणजे गुपितांची तिजोरी. मायक्रोसॉफ्टच्या तिजोरीचं नाव की व्हॉल्ट. ॲमेझॉनची सीक्रेट्स मॅनेजर २०१८ मध्ये आली, आणि गुगलचीही त्यानंतर आली. समजा हमरापूरच्या एखाद्या कारखानदाराने गणेशमूर्तींचं आगाऊ बुकिंग घ्यायला वेबसाइट केली. तिला डेटाबेसचा पासवर्ड लागणार, पैसे घेणाऱ्या गेटवेची किल्ली लागणार, ‘आपली मूर्ती रंगकामाला गेली आहे’ असे एसएमएस धाडणाऱ्या सेवेची किल्ली लागणार. ही तीनही गुपितं प्रोग्रॅममध्ये न लिहिता तिजोरीत ठेवायची, आणि प्रोग्रॅमने गरज पडेल तेव्हा मागून घ्यायची. त्यासाठी एकच ओळ पुरते: क्लायंट डॉट गेट सीक्रेट, आणि कंसात गुपिताचं नाव. नाव लिहायचं, गुपित नाही. सासूबाईंसमोर नवऱ्याचा उल्लेख करावा तसं. तिजोरीची मुख्य क्रियापदं चारच: ठेव, दे, बदल, काढ. ही तिजोरी क्लाउडमध्ये असते म्हणजे आभाळात असते, अशी एक समजूत आहे. तसं काही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात तीन विभाग उघडले. चेन्नईच्या विभागाला दक्षिण भारत नाव दिलं, मुंबईच्या विभागाला पश्चिम भारत, आणि पुण्याच्या विभागाला मध्य भारत. पुणं हा भारताचा मध्य आहे हे पुणेकर पेशवाईपासून सांगत आले होते. अमेरिकन कंपनीने फक्त नोंद करून घेतली. आणि खुद्द आपल्या रायगड जिल्ह्यात, पनवेलला, २०२० पासून योट्टाचं भलंमोठं डेटा सेंटर उभं आहे. म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तो पेणकराला गाडीतून उतरून बघून येता येईल. आत कोणी सोडणार नाही, ही गोष्ट वेगळी.

पण तिजोरी घेतली म्हणजे गुपित सुखरूप झालं, असं समजण्यात घोळ आहे. लोखंड किती जाड आहे यावर गुपिताचं भवितव्य फारसं ठरत नाही. ते किती दिवस जगतं, आणि कोण कधी घेऊन गेलं हे कोणाला आठवतं, या दोन गोष्टींवर ठरतं. टिकाऊ गुपित हे धोक्याचं गुपित. हे तत्त्व पटवायला परदेशी तज्ज्ञ बोलवायची गरज नाही, पेण तालुक्यातल्या गणपतीच्या कारखान्यात अर्धा तास उभं राहिलं तरी पुरे.

त्या कारखान्यात दोन जातीच्या मूर्ती असतात. शाडूची मूर्ती जड, नाजूक, हात लावताना जपावी लागणारी. वाहतुकीत बोट गेलं तर कारागीर हळहळतो. प्लास्टरची मूर्ती हलकी, गुळगुळीत, पक्की. साच्यातून भराभर निघते आणि ट्रकमधून मुंबईपर्यंत बिनघोर जाते. विकत घेताना दुसरी अर्थातच सोयीची वाटते. फरक कळतो तो विसर्जनानंतर. शाडूची माती पाण्यात गेली की तासाभरात तिचं पाणी होतं. प्लास्टरचा गणपती मात्र दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला किनाऱ्यावर परत आलेला असतो, एक हात तसाच आशीर्वादाचा धरून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरला मनाई करणारी नियमावली काढली आणि मग हा प्रश्न न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिला. त्यात कारागिरांच्या पोटाचा प्रश्न आहे आणि तो थट्टेवारी न्यावा असा नाही. पण टिकाऊपणा हा गुण की अवगुण, या प्रश्नाला इतकं रोखठोक उत्तर दुसरीकडे सापडायचं नाही. जी वस्तू बुडवायचीच आहे, ती न विरघळणाऱ्या मालाची करू नये.

प्रोग्रॅममध्ये लिहिलेला पासवर्ड हा असा प्लास्टरचा असतो. प्रोग्रॅम लिहिणारे गिट नावाची एक वही वापरतात. तिचा गुण असा की तीत सहजासहजी काही खोडलं जात नाही. आज तुम्ही चौथी ओळ पुसलीत, तर कालच्या पानावर ती जशीच्या तशी असते, परवाच्याही. तुम्ही समजता विसर्जन झालं, आणि ओहोटी लागली की रोहा ॲट एक-दोन-तीन वाळूत हसत उभा. वर प्रत्येक बदलाला एक टीप लिहायची पद्धत असल्यामुळे सज्जन माणूस प्रामाणिकपणे लिहितो: ‘पासवर्ड काढून टाकला.’ चोर नेमके हेच शब्द शोधत फिरतात. कुठे खणायचं त्याची पाटी मालकानेच लावून ठेवली, तर ते तरी काय करणार?

ही काही कल्पनेतली भीती नाही. २०१६ मध्ये उबरच्या खाजगी गिट वहीत ॲमेझॉनच्या साठ्याची किल्ली सापडली आणि तिच्या जोरावर चोरांनी ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती उचलली. वही खाजगी होती, हे विशेष. म्हणजे बूट ओटीवर नव्हता, घरात होता. टोयोटाची गोष्ट याहून बोलकी. तिच्या एका कंत्राटदाराने गाडीमालकांच्या सेवेचा प्रोग्रॅम डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या जगाला दिसेल असा ठेवून दिला आणि आतमध्ये किल्ली होती. हे लक्षात आलं सप्टेंबर २०२२ मध्ये. पावणेपाच वर्षं! एवढ्या काळात पेणच्या कारखान्यातून पाच गणेशोत्सवांच्या मूर्ती घडून, रंगून, बुडून गेल्या, पण ही किल्ली आपली मखरात बसलेलीच. २ लाख ९६ हजार ग्राहकांचे ईमेल पत्ते त्यात उघडे पडले. गिटगार्डियन नावाची एक कंपनी अशा उघड्या गुपितांची मोजदाद करते. २०२३ या एका वर्षात तिला सार्वजनिक वह्यांमध्ये १ कोटी २८ लाख नवी गुपितं सापडली. आणि पुढचा आकडा माझ्या मते जास्त महत्त्वाचा: मालकाला कळवूनही पाच दिवसांनंतर त्यांतली नव्वद टक्के चालूच होती. आपल्याकडे दीड दिवसाचे गणपती असतात, पाच दिवसांचे असतात, गौरीबरोबर जाणारे असतात, अनंत चतुर्दशीचे असतात. किल्ल्यांच्या बाबतीत मात्र जगाचा कल दिसतो तो कायमच्या प्रतिष्ठापनेकडे.

तिजोरीची खरी करामत इथे आहे. ती गुपिताला वय देते. ‘बदल’ म्हटलं की नवी आवृत्ती येते आणि जिथे जिथे नाव लिहिलेलं आहे तिथे तिथे, एक अक्षरही न बदलता, नवं गुपित पोचतं. त्याहून पुढची पायरी म्हणजे तात्पुरता परवाना. ॲमेझॉनमध्ये असा परवाना काही वेगळं न सांगितल्यास एक तास चालतो आणि मग आपोआप विरघळतो. हा शाडूचा, दीड दिवसाचा गणपती. चोरीला गेला तरी चोर घरी पोचेपर्यंत त्याची माती झालेली. रेल्वेवाल्यांना ही कल्पना जुनी आहे. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला स्टेशन मास्तरकडून लोखंडी गोळा हातात मिळाल्याशिवाय गाडी सोडता यायची नाही, आणि पुढच्या स्टेशनला तो परत द्यावा लागायचा. त्याला टोकन म्हणत. संगणकवाल्यांकडेही शब्द तोच. परवाना एका टप्प्यापुरता, एका गाडीपुरता, आणि परत करायचा. असा गोळा कोणी आठवण म्हणून घरी नेला असता तर पुढच्या गाडीतल्या सबंध वऱ्हाडाला तोंड द्यावं लागलं असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. हे उबर-टोयोटाचं ठीक आहे हो, पेणच्या पापड-मिरगुंडवाल्याचं कोण काय नेणार? आक्षेप नम्र आहे, पण चोराबद्दलची समजूत जुनी आहे. हा चोर आळीत पाहणी करून घर निवडत नाही. त्याचे प्रोग्रॅम दिवसरात्र सगळ्या वह्या चाळतात आणि उघडी किल्ली दिसली की काही मिनिटांत लावून बघतात. त्याला तुमचे पापड नकोत, तुमचा मीटर हवा आहे. तुमच्या क्लाउडच्या खात्यावर तो शेकडो यंत्रं चालू करतो, त्यांवर आभासी चलन खणतो, आणि बिल तुमच्या नावाने येतं. महावितरणच्या तारेवर आकडा टाकावा, त्यातला प्रकार; फक्त इथे आकडा टाकणारा कुठल्या खंडात बसला आहे तेही कळत नाही. दुसरा एक उपआक्षेप असा की आम्ही पासवर्ड प्रोग्रॅममध्ये लिहीतच नाही, शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. बरं. तो डावा बूट. आणि ती फाइल नव्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवता, तेव्हा बूटच कुरिअर केलात. तिजोरीचा खर्च फार होतो म्हणाल तर ॲमेझॉन गुपितामागे महिन्याला ४० सेंट घेते, साधारण दोन वडापावांचे पैसे. कारखानदाराच्या तीन गुपितांचं भागवायला सहा वडापाव पुरतात.

दुसरा आक्षेप मात्र खराखुरा, आणि तो घेणारा माणूस हुशार असतो. तो म्हणतो, सगळी गुपितं तिजोरीत ठेवलीत, छान. आता तिजोरीची किल्ली कुठे ठेवलीत? ती प्रोग्रॅममध्ये लिहिलीत तर आपण फिरून चौथ्या ओळीवर. तिच्यासाठी दुसरी तिजोरी आणलीत तर तिच्याही किल्लीचा प्रश्न. आपल्याकडे हा पेच आजीने सोडवला होता: कपाटाची किल्ली पेटीत, पेटीची किल्ली डब्यात, डब्याची किल्ली कनवटीला. म्हणजे साखळीच्या शेवटी वस्तू नव्हती, माणूस होतं. आजी हरवणं शक्य नव्हतं आणि तिच्या जागी दुसरी आजी बसवली तर नातवंडांनी तत्क्षणी ओळखलं असतं. क्लाउडवाल्यांनी शेवटी हीच युक्ती केली. शेवटची किल्ली ठेवायचीच नाही, येणाऱ्याला ओळखायचं. पेणच्या बाजारात एखादा अनोळखी पोरगा दिसला तर दुकानाच्या पायरीवर बसलेले आजोबा त्याचं आधार कार्ड मागत नाहीत. विचारतात, ‘कोणाचा रे तू?’ बापाचं नाव, आळी आणि आडनाव एवढं सांगितलं की ओळख पटते, आणि खोटं बोलला तर पुढच्या दोन प्रश्नांत पकडला जातो. क्लाउडमधल्या यंत्राचंही तसंच. ते एका ठरलेल्या पत्त्यावर, १६९.२५४.१६९.२५४ वर, विचारणा करतं की मी कोण? आणि ज्या क्लाउडने त्याला जन्माला घातलं तोच उत्तर देतो की तू अमक्याचं अमकं, हा घे तात्पुरता परवाना. कोऽहम् या प्रश्नासाठी याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा घर सोडून काशीला गेले. इथे यंत्राला उत्तर निमिषात मिळतं, तेही साधनेविना. विनोबांचं आणखी एक इथे आठवतं. त्यांनी तरुणपणी आपली शाळा-कॉलेजची सर्टिफिकिटं चुलीत घातली. संगणकाच्या जगातही ओळखपत्राला सर्टिफिकेटच म्हणतात, आणि जुनं सर्टिफिकेट वेळेवर रद्द न केल्यामुळे होणारे घोळ पाहिले की वाटतं, गागोद्याचा माणूस या शास्त्रात फार पुढे होता.

ओळख दाखवणं आणि किल्ली देणं यांतला फरक रोहेकरांना नोटेवर बघता येईल. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही नोटांवरून देशभर फिरली. कोट्यवधी लोकांनी ती सही पाहिली, मोजली, कनवटीला लावली. त्यामुळे कोणालाही गव्हर्नर होता आलं नाही. पासवर्डाचं तसं नसतं, एकदा दाखवला की तो बघणाऱ्याचाही झाला. म्हणून जिथे सही चालते तिथे पासवर्ड ठेवू नये, हा धडा. आपण मात्र उलट केलं. १ मे २०१८ पासून सातबारासुद्धा डिजिटल सहीचा मिळू लागला, व्यापाऱ्यांच्या विवरणपत्रांना डिजिटल सही आली, आणि ही सही डोंगलमध्ये असते म्हणताच आपण तिची पुन्हा किल्ली केली. कुठल्याही तालुक्याच्या गावी करसल्लागाराचा खण उघडून बघा. अख्ख्या बाजारपेठेच्या सह्या रबरबँडने बांधून ठेवलेल्या असतात, आणि प्रत्येक डोंगलवर चिकटपट्टी, तिच्यावर मालकाचं नाव आणि पिन. जी सही दुसऱ्या कोणालाच करता येऊ नये म्हणून गणितज्ञांनी जिवाचं रान केलं, ती आपण विश्वासाने सगळ्या गावाची एका खणात ठेवली.

तिसरा आक्षेप अनुभवी लोकांचा: गुपित सारखं बदलायला गेलं की चालू गाडी बंद पडते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्याला तिजोरी विकणाऱ्यांचाच पुरावा आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची सह्या करायची एक किल्ली चोरांच्या हाती असल्याचं उघड झालं आणि तिच्या बळावर अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांच्या मेल वाचल्या गेल्या. किल्ली होती २०१६ सालची. अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळाने २०२४ मध्ये अहवाल दिला तेव्हा कळलं की या किल्ल्या हाताने बदलण्याचं काम कंपनीने २०२१ मध्ये थांबवलं होतं, कारण बदलताना एकदा सेवा मोठ्या प्रमाणावर बंद पडली होती. घरातला रोग आणि दारातला वैद्य एकच. पण यातून निघतं काय? बदलू नये असं निघत नाही. हाताने, वर्षातून एकदा, देव आठवत बदलू नये एवढंच निघतं. पेण-अलिबाग पट्ट्यात अनंत चतुर्दशी झाल्यावर चार-पाच दिवसांत साखरचौथीचे गणपती बसतात. एकांची पाठवणी होते न होते तोच दुसऱ्यांच्या मोदकांची उकड निघते, आणि घरातल्या बाईचा हात थांबत नाही, कारण सवय मोडलेली नसते. जुनं गुपित थोडा वेळ चालू ठेवायचं, नवं आणायचं, सगळे नव्यावर आले की जुनं बुडवायचं. प्रोग्रॅमकडून हे महिन्या-महिन्याला करून घेतलं की त्यात काही थरार उरत नाही. थरार उरतो तो फक्त सात वर्षांनी एकदा करणाऱ्याला.

‘काढ’ या क्रियापदाबद्दल मात्र तिजोरीवाले फारच सोवळे आहेत. ॲमेझॉन कमीत कमी सात दिवस आणि एरवी तीस दिवस थांबते. मायक्रोसॉफ्टच्या तिजोरीत काढलेलं गुपित एरवी नव्वद दिवस अधांतरी असतं. ना जिवंत, ना गेलेलं. या मधल्या काळात ते परत उठवता येतं, पण त्याचं नाव दुसऱ्या कोणाला ठेवता येत नाही. ठेवायला गेलं की तिजोरी चक्क नकार देते. आपल्याकडे सुतक फार तर तेरा दिवसांत फिटतं. इथे तीन महिने. त्याआधी फेडायचं तर पर्ज नावाचा वेगळा विधी आहे आणि त्याचा अधिकार सगळ्यांना नसतो. पण हा सोवळेपणा मला पटतो. कारण माणूस घाईघाईत काढतो ते बहुतेक वेळा चुकीचंच असतं.

आता समोरची खिडकी. तिथे एक काकू असतात. सगळ्या आळीत असतात. बंद घराची दुसरी किल्ली खरं तर त्यांच्याकडेच दिलेली असते. कुंडीखालची आपली औपचारिक. काकूंच्या व्यवहाराकडे नीट पाहिलं तर तिजोरीचं सगळं शास्त्र त्यात आहे. किल्ली मागायला आलेल्याला त्या ओळखतात. ओळखलं तरी कशाला हवी ते विचारतात. पाण्याच्या टाकीवाल्याला मागच्या दाराची देतात, पुढच्या दाराची नाही. यालाच क्लाउडमध्ये किमान अधिकाराचं तत्त्व म्हणतात आणि त्यावर प्रशिक्षणवर्ग असतात. आणि नोंद! तिजोरीही प्रत्येक मागणीची नोंद करते: कोणी, कोणतं गुपित, किती वाजता, कोणत्या पत्त्यावरून. काकू त्याशिवाय चेहरा कसा होता, हातात पिशवी कसली होती, आणि गेल्या खेपेला आला तेव्हा काय म्हणाला होता, हेही नोंदवतात. दोघींची तुलना केली तर हजेरी, वेग आणि झोप या तीन बाबतींत तिजोरी सरस आहे. तिला दुपारी डुलकी लागत नाही, ती माहेरी जात नाही, आणि लाखभर माणसं एकदम मागायला आली तरी ती चहाला बसवत नाही.

तिजोरी मागे पडते ती एकाच ठिकाणी, आणि माझ्या मते तिथेच सगळा खेळ आहे. तिची नोंद कोणी वाचत नाही. रात्री तीन वाजता, कधीच न आलेल्या पत्त्यावरून, डेटाबेसचा पासवर्ड चाळीस वेळा मागितला गेला, हे ती इमानेइतबारे लिहिते, सूचनेची मेलही धाडते. ती मेल जाऊन पडते दीड हजार न वाचलेल्या मेलांच्या ढिगात, कारण अशा सूचनांचा कंटाळा येऊन कोणीतरी कधीच त्यांना वेगळ्या फोल्डरचा रस्ता दाखवलेला असतो. काकूंची नोंद मात्र लिहिता लिहिताच वाचली जाते. संध्याकाळी साडेसातला, मालिका सुरू व्हायच्या आत, पनवेलच्या लग्नघरात फोन वाजतो: ‘अगं, तुझा दीर आला होता, किल्ली घेऊन गेला, म्हणाला पंख्याचं माप घ्यायचंय. तास झाला, अजून परत नाही आणून दिली. आणि पंख्याचं कसलं गं माप?’ मांडवात बँड वाजतो आहे, पंगत बसते आहे, ऐकू काही येत नाही. तरी फोन ठेवता येत नाही. कारण या सूचनेला अनसब्स्क्राइबचं बटण नाही.